जोडी जरा जवळ या

निसर्ग छायाचित्रण शिबिराच्या सूचनापत्रात पहिलीच ओळ होती, ‘जंगलात पूर्ण शांतता पाळावी.’ आमच्या गल्लीतल्या स्टुडिओवाल्यानं ती दोनदा वाचली आणि विचारलं, “पूर्ण म्हंजे किती?”

शंका रास्त होती. आमच्या कोल्हापुरात, राजारामपुरीत, गणपती आणायच्या मिरवणुकीला मेन रोडवर डॉल्बीच्या भिंती उभ्या राहिल्या की छातीतले ठोके आपले कुठले आणि गाण्याचे कुठले, हे डॉक्टरलासुद्धा सांगता येणार नाही. उरलेलं वर्षभर आम्ही एकमेकांशी जे प्रेमानं बोलतो, त्याला बाहेरगावचे लोक भांडण समजतात. अशा माणसांनी पदरचे पैसे भरून गप्प बसायला आंबोलीच्या जंगलात शिबिराला जायचं, हे घरात पटवणं अवघड होतं.

“बेडकाचे फोटो? आणि त्यासाठी आंबोली?” सौभाग्यवती म्हणाल्या. “मागच्या बोळात आहेत की. लाइट लावून देते, काढा.”

बोळातल्या आणि आंबोलीतल्या बेडकात फरक असतो, हे मी समजावून सांगितलं. तिथं ‘आंबोली टोड’ नावाचा इंच-दीड इंचाचा जीव आहे. अंगावर पिवळे पट्टे. आंबोलीच्या आसपासचा जांभ्या दगडाचा सडा सोडला तर तो सहसा कुठं भेटत नाही. 2009 मध्ये शास्त्रज्ञांनी त्याची नवी जात म्हणून नोंद केली आणि आज तो अतिसंकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत आहे.

“मग बिचाऱ्याला सुखानं जगू द्या की,” असं उत्तर आलं. पुढं सबंध शिबिरात इतकं मुद्द्याचं कुणी बोललं नाही.

कॅमेऱ्याचं म्हणाल तर ते कोल्हापूरला कुणी शिकवायचं? कलामहर्षी बाबूराव पेंटरांनी 1918 साली याच गावात स्वतःच्या हातानं कॅमेरा बनवला आणि 1920 मध्ये त्यांचा ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. स्टुडिओवाल्यानं ही माहिती शिबिरातल्या पुण्या-मुंबईच्या मंडळींना ओळख करून देताना स्वतःच्या नावाच्या आधी सांगितली. रानात जायची सवयही आमची जुनीच. संस्थानच्या काळात इथं चित्ते पाळून काळविटांची शिकार चालायची. दाजीपूरचं रान म्हणजे राजांचं शिकारीचं जंगल; 1958 मध्ये ते गव्यांसाठी अभयारण्य झालं. बंदुका गेल्या तरी शिबिरात रात्री जेवायला बसल्यावर लोक अजून एकमेकांना “काय मिळालं?” असंच विचारतात आणि समोरच्याला आपल्यापेक्षा जास्त मिळालं असेल तर त्यांना भात जात नाही.

मंडळींची तयारी बघून आम्ही दबलो. प्रत्येकाच्या गळ्यात शंभर मिलिमीटरची मॅक्रो लेन्स, बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या, पायात गुडघ्यापर्यंत जळूमोजे. आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, कोल्हापूर शहरात हजाराच्या आसपास. तिथं लेन्सला बुरशी धरते, पाकिटातल्या नोटा मऊ पडतात आणि रात्रभर वाळत घातलेला बनियन सकाळी आणखी ओला मिळतो. स्टुडिओवाल्याकडं लग्नाच्या ऑर्डरीचा जुना कॅमेरा होता, एक उसनी लेन्स आणि थर्मोकोलचा तुकडा. थर्मोकोल कशाला, असं शिबिराच्या सरांनी विचारलं.

“असू दे. लागतंय.”

जळूमोजे आम्ही घेतले नव्हते. आमच्या अंगात तांबडा-पांढरा रस्सा खेळतोय, जळूच पाणी मागेल, असा अंदाज होता. जळवांनी पाणी मागितलं नाही. जळू डसलेली कळत नाही आणि तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारं द्रव्य असल्यामुळं ती पोटभर जेवून उठली तरी वाहायचं थांबत नाही. रस्सा त्यांना चांगलाच पचला.

अंधार पडल्यावर टॉर्च घेऊन निघालो. सरांनी बजावलं, हाताला डासांचं मलम लावलं असेल तर बेडकाला शिवू नका. लावलं नसेल तरी शिवू नका. बेडूक कातडीतून श्वास घेतो आणि पाणीही कातडीतूनच घेतो, तेव्हा तुमच्या बोटावरचं औषध थेट त्याच्या अंगात जातं. मग शांतता सुरू झाली. म्हणजे आमची. बाकी रान इतक्या आवाजात बोलत होतं की स्टुडिओवाला माझ्या कानाशी येऊन म्हणाला, “आणि ह्यांना परवानगी कुणी दिली?”

पहिला मान मलबार चापड्याचा. विषारी साप, फांदीवर वेटोळं घालून भक्ष्य टप्प्यात येईपर्यंत तासन् तास हलत नाही, म्हणून फोटोवाल्यांचा लाडका. त्याच्यापुढं रांग लागली. प्रत्येकी पाच क्लिक, मागचा पुढच्याच्या मानेवर श्वास सोडत “झालं का? सरका की,” म्हणतोय. नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनबारीत हेच ऐकू येतं. फरक एवढाच, की इथं प्रसाद कुणालाच नको होता. एका गृहस्थांना सापामागचं पान खुपत होतं. ते काठीनं फांदी वळवायला गेले, तशी सरांनी काठी धरली. स्टुडिओवाला हळूच म्हणाला, “काका, नवरा मांडवातनं हलवत न्हाईत.”

पुढं डबक्यावर ओणवलेल्या झाडावर मलबारचा उडता बेडूक दिसला. एक नव्हे, जोडी. मादी मोठी, हिरवीगार. नर लहान आणि तिच्या पाठीवर. ही मादी पाण्यावर लोंबणाऱ्या पानांत मागच्या पायांनी फेस घुसळते, त्या फेसात अंडी घालते आणि पिल्लं तयार झाली की खालच्या पाण्यात टपाटप पडतात. सगळ्या फ्लॅशांचा एकदम पाऊस पडला. पडद्यावर बघतात तर ओल्या कातडीवर पांढरे डाग, आणि इतक्या जवळून फोकस मिलिमीटरभराचा असल्यामुळं डोळा आला तर नाकपुडी गेलेली.

मग थर्मोकोल बाहेर निघाला. मे महिन्यातल्या मुहूर्तांवर घामेजलेल्या नवरदेवांची कपाळं सांभाळण्यात ज्याचं आयुष्य गेलं, त्याला ओला बेडूक काय जड? त्यानं फ्लॅशचं तोंड वर केलं, थर्मोकोल माझ्या हातात दिला आणि त्यावरनं उजेड खाली उतरवला. डाग गेले. सवयीनं तोंडातून आलंच, “ताई, इकडं बघा. दाजी, हनुवटी जरा खाली.” सरांनी ओठांवर बोट ठेवलं.

बाकीचे पाच-पाच क्लिक करून पुढच्या सापाकडं गेले. हा बसून राहिला. माझा हात भरून आला, पाठीवरनं पाणी गळायला लागलं, तरी हा बटण दाबेना. “थांब भावा, अक्षता पडायच्यात,” एवढंच म्हणाला. आणि मादीनं पाय मारायला सुरुवात केली, फेस वर आला, नराचा डोळा टॉर्चमध्ये चमकला, तेव्हा त्यानं एकदाच दाबलं.

सकाळी कांदेपोह्यांवर तो फोटो फिरला आणि शिबिरात पहिल्यांदा सूचनापत्रातली शांतता पसरली. आता तो राजारामपुरीत स्टुडिओच्या शोकेसमध्ये आहे, एका नवरीच्या आणि एका पहिल्या वाढदिवसाच्या मधोमध. गिऱ्हाईक विचारतं, “ही कुठली पार्टी?”

“आंबोलीची. चांगली माणसं.”

फोटोचं कौतुक तो ऐकून घेतो, पण सांगतो ते दुसरंच. त्या रात्री मुक्कामावर परतताना डांबरी रस्त्यावर टॉर्च मारला, तर चाकाखाली चपटे झालेले बेडूक जागोजागी पडले होते. दुसरा दिवस रविवारचा. धबधब्याजवळ कोल्हापूर-बेळगावच्या गाड्यांची दाटी, दारं उघडी, आत गाणी, हातात कणसं. यातल्या कितीतरी गाड्या अंधार पडल्यावरच परत फिरणार होत्या.

तेव्हा समस्त कोल्हापूरकरांना विनंती. पावसाळ्यात आंबोलीला जरूर जा, भिजा, भजी खा. फक्त रात्री तिथल्या रस्त्यावर गाडी तीसच्या वर नेऊ नका. समोरचा पाहुणा इंचभराचा असतो आणि हॉर्न वाजवला तरी बाजूला होत नाही.