आबा गरवूक गेलेत

मालवणात माशाला तोटा नाही. सकाळी धक्क्यावर लिलाव लागतो, रापण ओढली की तारली-पेडव्यांचे ढीग पडतात, आणि इसवण, सरंगा, बांगडा, मोरी यांतलं ज्याच्या खिशाला जे झेपेल ते दारात येतं. अशा ठिकाणी राहून पहाटे पाचला उठायचं, काठी खांद्यावर टाकायची आणि समुद्राकडे पाठ करून आत नदीवर मासे धरायला जायचं, हे करणारा माणूस वेडा तरी असला पाहिजे, नाहीतर रिटायर्ड तरी. आबा रिटायर्ड आहेत. पहिल्या शक्यतेविषयी त्यांच्या बायकोचा, म्हणजे काकींचा, अभ्यास चालू आहे.

आबांचं नाव सांगत नाही. सांगितलं तर पाच-सहा वाड्यांतून "आमच्याच आबांवर लिवलंस मां?" असे फोन येतील. चौके घ्या, काळसे घ्या, मसुरे घ्या, पोईप घ्या. नदी किंवा वहाळ जवळ असलेल्या प्रत्येक गावाला एक आबा असतात. बहुतेकांचा पूर्वार्ध मुंबईतला. परळ-लालबागला खोली, गिरणीत किंवा बेस्टमध्ये नोकरी. गिरणीवाले १९८२ च्या संपानंतर गावी आले, बाकीचे यथावकाश पेन्शन घेऊन आले. येताना सगळ्यांनी ट्रंका आणल्या. आमच्या आबांच्या ट्रंकेत तळाला वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या गरी होत्या. मुंबईत असताना त्यांचा रविवार पवईला जायचा. तो तलाव इंग्रजांनी १८९१ च्या सुमारास शहराला पाणी पुरवायला बांधला, ते पाणी पिण्याच्या लायकीचं निघालं नाही आणि गळ टाकून बसणाऱ्यांचं फावलं. महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशनचं ठाणं तिथेच आहे. आबा त्या असोसिएशनचे सभासद कधीच नव्हते. सभासदांच्या मागे उभं राहून त्यांचं काय चुकतंय, हे मात्र त्यांनी वर्षानुवर्षं पाहिलं. तिथे एका साहेबाच्या गळाला लागलेला कटला गावी सांगताना आधी अकरा किलोचा होता, आता सतरावर गेलाय. स्वतःच्या माशाचं वजन कोणीही वाढवतो हो. दुसऱ्याच्या माशाबद्दल खोटं बोलायला मोठं मन लागतं.

काठी चिवाराची. अमावास्येला तोडलेली, कारण तशीला भुंगा लागत नाही म्हणतात. मग ती चुलीच्या धगीवर सरळ केलेली, तेल पाजलेली आणि पडवीच्या वाशांना आडवी बांधलेली. तिच्यावर कपडे वाळत घालण्याचा प्रयत्न काकींनी लग्नानंतर एकदाच केला. काठीला तंगूस, तंगुसाला फाटक्या कांडाळीतलं शिसं, आणि बुचाच्या जागी रबरी चपलेच्या तळव्याचा कापलेला तुकडा. मे महिन्यात नातवंडं मुंबईहून येतात आणि जूनमध्ये त्यांतलं एक जण एकाच पायात चप्पल घालून परत जातं, ते यामुळे. गरीचा नंबर हा आबांचा आवडता विषय. नंबर वाढला की गरी लहान होते, म्हणजे दहा नंबरची बारीक आणि चार नंबरची मोठी, हे ते प्रत्येक नव्या माणसाला सांगतात आणि त्याचा चेहरा पाहत थांबतात. चेहरा गोंधळला की त्यांचा दिवस सार्थकी.

आमिष म्हणून गांडूळ. ओली माती घातलेल्या करवंटीत ती ठेवतात. गांडुळं सगळ्यांत चांगली निघतात मोरीच्या सांडपाण्याखाली, आणि तिथेच काकींनी मिरच्या लावलेल्या असतात. या एका वाफ्यावरून त्या घरात जेवढं बोलणं झालंय तेवढं जमिनीच्या वाटपावरून झालेलं नाही. गांडूळ नसलं तर सुंगटं. बाजारातून सुंगटांचा वाटा विकत आणायचा, सोलून गरीला लावायचा आणि संध्याकाळी चार शेंगट्या घेऊन घरी यायचं. सुंगटं आमटीत घातली असती तर किती जण जेवले असते, हा काकींचा हिशेब बरोबर आहे. आबा तो ऐकून घेतात. हिशेब बरोबर असला की ते नेहमीच गप्प बसतात.

निघण्याचंही शास्त्र आहे. वाटेत कोणी "आबानू, खय चललात?" म्हटलं की खेळ खलास. "खय नाय, घराक जातंय," म्हणून आबा खरंच घरी परततात, अर्धा कप चहा घेतात आणि नव्याने निघतात. वाडीतल्या पोरांना हे ठाऊक असल्यामुळे एखाद्या सकाळी आबांचे तीन-तीन चहा होतात. वेळ ठरवायला भिंतीवर कालनिर्णय. मालवणच्याच जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली ते सुरू केलं, त्यामुळे आबांच्या लेखी ते घरचंच. तिथीची पाऊणपट करायची की भरतीची वेळ आली: अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. किनाऱ्यावर हा आडाखा सगळे वापरतात आणि कर्लीच्या किंवा गडनदीच्या खालच्या अंगाला, जिथवर खारं पाणी चढतं तिथवर, तो चालतोही. आबा तो वरच्या गोड्या पाण्यातही चालवतात. समुद्राशी काडीचा संबंध नसलेल्या डबक्याशी बसून "आता भरती लागली, आता खातलो," असं म्हणताना मी त्यांना ऐकलंय. योगायोग असा की मासा तेव्हाच लागला. तेव्हापासून मी वाद घालत नाही.

जागेवर पोचल्यावर आधी एक विडी दगडावर ठेवायची. ती कोंडीच्या, म्हणजे नदीतल्या डोहाच्या, राखणदाराची. डॉक्टरांनी आबांची विडी बंद केली, राखणदाराची केलेली नाही. जाताना ती दगडावर अर्धीच उरलेली असते आणि आबांच्या म्हणण्याप्रमाणे राखणदार पूर्वीपासूनच फार ओढतो.

पण एकदा तंगूस पाण्यात पडला की त्या माणसाची थट्टा करवत नाही. चपलेचा तो तुकडा पाण्यावर नुसता तरंगत असतो आणि आबा तो वाचत असतात. टुक, टुक, टुक असं वरवर हललं तर मळये किंवा बारकी पिल्लं, आमिष कुरतडतायत. तिकडे लक्ष द्यायचं नाही. बुच तिरकं होऊन सावकाश एका बाजूला सरकत गेलं तर कुर्ली, खालून फरफटत नेतेय. घाईने ओढलंत तर ती सोडून देते, दमाने आणलीत तर काठापर्यंत हट्टाने येते. एकदम सरळ खाली गडप झालं तर शेंगटी. वाम लागली तर ती दगडाच्या खबदाडीत शेपूट अडकवते, मग तिच्याशी ओढाओढ करायची नाही. तंगूस जरा सैल सोडायचा, तिला वाटलं पाहिजे की सुटले. मरळ असली तर बुचाकडे बघायचंच नाही, कारण ती श्वास घ्यायला वर येते. तो बुडबुडा कुठे फुटला ते हेरायचं आणि बेडकाचं पिल्लू लावून गरी तिथे अलगद सोडायची. हे सगळं आबा दोन बोटांत धरलेल्या तंगुसावर ओळखतात. शेजारी बसून मी बुचाकडे टक लावून पाहतो, मला फक्त चप्पल दिसते.

शेंगटी गरीतून सोडवताना चुकलं की तिच्या कल्ल्यामागचा काटा हातात जातो आणि कोपरापर्यंत ठणका लागतो. उतारा म्हणजे सोसेल तेवढ्या गरम पाण्यात हात बुडवून बसणं. पाणी काकी तापवतात. पाण्याबरोबर आणखी काय काय मिळतं ते लिहिण्यासारखं नाही.

आता चढणीबद्दल. मृगाचा पहिला दणदणीत पाऊस झाला की वहाळ फुगतात आणि नदीतले मासे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध वर चढतात, थेट भाताच्या कोपऱ्यांत घुसतात. आणि नेमका हाच काळ समुद्र बंद असण्याचा. राज्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी, का तर माशांचा विणीचा हंगाम. म्हणजे समुद्रातल्या माशांनी शांतपणे वीण करावी म्हणून आम्ही होड्या वर ओढतो आणि रात्री बॅटऱ्या नि कोयते घेऊन वहाळातल्या गाभोळीभरल्या माशांवर तुटून पडतो. कोणी पाग टाकतो, कोणी बांबूच्या बेळांचा निमुळता सापळा अरुंद वाटेत लावतो, कोणी नुसतीच लुंगी धरतो. शाळकरी पोर, मास्तर आणि पोलीसपाटील तिथे एकाच चिखलात असतात. आबा या झुंडीच्या विरुद्ध आहेत. "चढणीचो मासो मारू नये, ती गरवार बायल आसा," असं ते वहाळाच्या काठावर छत्री धरून प्रत्येकाला बजावतात. मग कोणीतरी त्यांच्या पिशवीत वाटा टाकतो. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे तळलेली गाभोळी असते. विचारलं तर म्हणतात, "मी मारलंय काय?"

पुतण्या मुंबईहून कार्बनची काठी, रीळ आणि डबाभर रंगीत रबरी मासे घेऊन आला होता. मोबाईलवर शिकलेला, पण हात बरा. खाडीच्या तोंडाशी त्याने चांगली दोन किलोची तांबोशी काढली. आबांचे डोळे लकाकले. पुतण्याने फोटो काढला, माशाला दोन्ही हातांत धरून पाण्यात जरा पुढे-मागे हलवलं आणि सोडून दिलं. आबांना आधी वाटलं, हातातून निसटला. मुद्दाम सोडला हे कळल्यावर ते बराच वेळ पाण्याकडे बघत राहिले आणि मग म्हणाले, "मग धरलंस कित्याक?" पुतण्याने निसर्ग, खेळ, पुढची पिढी वगैरे समजावलं. आबांनी सगळं ऐकलं. "बरा," ते म्हणाले, "पण तो आता जावन सगळ्यांका सांगतलो, ह्यो मासो रबराचो आसा म्हणान."

गरवण्याचं हे खूळ राजेशाही आहे, असं मी त्यांना एकदा सांगून पाहिलं. कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. राजाने करायच्या करमणुकींत त्याने गळाने मासे धरणंही घातलंय, ‘मत्स्यविनोद’ म्हणून. मासे कुठले, त्यांना चारा काय घालायचा, काठी नि दोरी कशी असावी, सगळं आहे. आबांना चाऱ्याचा भाग आवडला. बाकीच्यावर त्यांचं मत पडलं, "राजाक काय. तेका कोण इचारतलो, गावला काय म्हणान?"

एकाच पाण्यात आबा गरी टाकत नाहीत, ते धामापूरच्या तलावात. १५३० साली बांधलेला तलाव, काठावर भगवती, आणि २०२० साली त्याला जागतिक वारसा सिंचनस्थळाचा मान मिळाला. बोटिंगवाली मंडळी आरडाओरडा करत असतात तेव्हा आबा पायऱ्यांवर बसून खालच्या माशांकडे बघतात. देवीला हात जोडतात. मग हळूच मला सांगतात, "तो मदलो, अडीच किलो." देवीच्या माशाचं वजन मात्र ते कधी वाढवत नाहीत.

घरी आलेल्या माशाची कथा थोडक्यात. समुद्राच्या माशावर वाढलेल्या मालवणी जिभेला नदीचा मासा चिखलाचा लागतो. तो राखेने चोळून बुळबुळ घालवायची, तिरफळं दुप्पट टाकायची, सोलं जास्त, आणि तरीही काकी म्हणतात, "मांजराक घालतंय तर तां पण वास घेवन माघारी फिरता." शिवाय सोमवार आहे, गुरुवार आहे, संकष्टी आहे, अख्खा श्रावण आहे. आबा वार कडक पाळतात, खात नाहीत. गरवायला मात्र जातात. वार खाण्याचा असतो, धरण्याचा नसतो. त्या दिवशीचे मासे शेजारी जातात. शेजारी कुठे जातात, ते आमच्याकडे कोणी विचारत नाही.

मग हा माणूस नदीवर करतो काय? मला जे दिसलं ते सांगतो. इथे लख्ख ऊन असताना पाणी गढूळ झालं तर वर घाटात पाऊस झालाय, हे तालुक्यात सगळ्यांआधी आबांना कळतं. रेती उपसून कुठली कोंड बुजली आणि कुठे नवा खड्डा पडला, हे त्यांना पाठ आहे; पोहायला आलेल्या पोरांना ते खड्ड्याकडे फिरकू देत नाहीत. जुने लोक मासे गुंगवायला रामेठ्याची साल ठेचून डबक्यात टाकत, हे ते कबूल करतात, स्वतःच्या आजोबांसकट. पण आता रात्री ब्लीचिंग पावडर ओतणारे येतात. ती टाकली की शेंगट्यांबरोबर बेडूक, कुर्ल्या, बोटाएवढी पिल्लं, सगळं उलटं होऊन वर येतं आणि ती कोंड पुढे कित्येक दिवस मुकी होते. एका रात्री आबा काठी घेऊन अशांच्या अंगावर धावून गेले होते. ती काठी चिवाराची होती आणि मोडली. एरवी तिच्यावर कोणाचा ओला टॉवेल पडला तर दोन दिवस घर डोक्यावर घेणारे आबा त्या दिवशी एक अक्षर बोलले नाहीत. अमावास्येला दुसरी तोडून आणली.

नदीवर पगारी राखणदार कोणी नाही. गावात फुकट काम करणारा हा एकच माणूस आहे, आणि घरची माणसं त्याला बिनकामाचा म्हणतात.

तेव्हा कधी मालवणच्या वाटेवर एखाद्या पुलावर गाडी थांबवलीत आणि खाली काठी घेऊन बसलेले आबा दिसले, तर हॉर्न वाजवू नका. वेफर्सची पिशवी पाण्यात टाकू नका. आणि "गावला काय?" तर अजिबात विचारू नका, त्याचं उत्तर त्यांना देता येत नाही, कारण बहुतेक वेळा ते ‘नाय’ असतं. "आबानू, पाणी कसा आसा?" एवढंच विचारा. मात्र त्यानंतरचे दोन तास दुसरा काही बेत ठेवू नका.