घोडा म्हणजे घोडा नव्हे

भालकीच्या बस स्टँडावर कुणाला "कुठं निघालाव?" असं विचारलं तर तो "बीदरला" म्हणतो, फार तर "दवाखान्यात" असं जोडतो. आमच्या मास्तरांना मात्र हा प्रश्न विचारू नये. ते हातातलं मिरचीभजं चुरमुऱ्याच्या सुशीलाच्या प्लेटीत परत ठेवतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि म्हणतात, "निघालो कुठं? अजून हाक आली नाही."

हाक म्हणजे नायकाला घराबाहेर काढणारी हाक. ती पहिल्यांदा येते तेव्हा नायकानं नकार द्यायचा असतो, असा शास्त्राचा नियम आहे. मास्तरांनी हा नियम कसोशीनं पाळला. 31 वर्षांच्या नोकरीत बदलीची प्रत्येक ऑर्डर त्यांनी पहिल्यांदा नाकारली, आणि मग दुसऱ्यांदाही.

आम्हाला ते मराठी शिकवायचे. सीमेवरची शाळा, मुलं घरात मराठी, बाजारात दखनी आणि कचेरीत कन्नड बोलणारी. वाचनालय म्हणजे हेडमास्तरांच्या खोलीतलं एक लोखंडी कपाट. त्यात नाथमाधवांचं 'वीरधवल', गो. ना. दातारांची 'कालिकामूर्ति' आणि भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न. सगळ्यांना वाळवी लागलेली, आणि शेवटची पानं हमखास गेलेली. त्यामुळं आमच्या पिढीला खजिना मिळाला की नाही हे कधी कळलंच नाही. मास्तर म्हणायचे, "बरं झालं. खजिना म्हणजे खजिना नव्हेच."

पुढं कधीतरी त्यांच्या हाती जोसेफ कॅम्बेलचं पुस्तक लागलं. जगातल्या सगळ्या वीरकथा मुळात एकच कथा आहे असं सांगणारं हे पुस्तक 1949 साली निघालं, म्हणजे भालकी निजामाच्या राज्यातून नुकती सुटली होती तेव्हा. हाक, नकार, उंबरठा, देवमाशाचं पोट, परतीची वाट. हे टप्पे पाठ झाले आणि त्या दिवसापासून मास्तरांच्या जगात एकही वस्तू स्वतःच्या जागेवर राहिली नाही. क्रूसोचं बेट हे बेट नव्हे, मन. 'ट्रेझर आयलंड'मधल्या सिल्व्हरच्या खांद्यावरचा पोपट हा पोपट नव्हे, माणसाची हाव. म्हणून तर तो दिवसभर नाण्यांच्या नावानं ओरडतो. (हे मला अजूनही पटतं.) मेल्व्हिलच्या पांढऱ्या देवमाशावर आले की मधली सुट्टी बुडायची. आमच्यातल्या कुणी कारंजा धरणाहून मोठं पाणी पाहिलेलं नव्हतं. देवमासा काय खातो, एवढंच आम्हाला हवं होतं. "तो मासा खात नाही, माणूस खातो. आतून," मास्तर सांगायचे. मागच्या बाकावरचा एक जण त्यानंतर आठवडाभर विहिरीत उतरला नाही.

त्यांच्याबरोबर बसनं जाणं हा वेगळाच प्रकार. कंडक्टर हा उंबरठ्यावरचा राखणदार. तो "चिल्लर कोडी" (म्हणजे सुटे द्या) म्हणाला की मास्तर माझ्या कानाशी लागतात, "बघ, कोडं घातलं." माणसाचा खरा स्वभाव प्रवासात उघडा पडतो, हा त्यांचा आवडता सिद्धांत. तो सिद्ध करण्याचं काम ते स्वतः करतात: खिडकीच्या जागेसाठी त्यांना भांडताना मी पाहिलंय, आणि त्या वेळी खिडकी ही नुसती खिडकीच असते.

कॅप्टन नीमोवर तर त्यांनी थेट हक्क सांगितलाय. व्हर्नच्या 1875 च्या कादंबरीत नीमो हा बुंदेलखंडातला राजपुत्र डाक्कार आणि टिपूचा भाचा किंवा पुतण्या असल्याचं उघड होतं. हे वाचल्यापासून मास्तर म्हणतात, "टिपू कर्नाटकाचा. म्हणजे नीमो आपल्याकडचाच. समुद्र आपल्याला नाही, पण पाणबुडी आहे."

एकदा मला वाटलं, ह्या माणसाला त्याच्याच जिल्ह्यातला खरा साहसवीर द्यावा. रशियातल्या त्वेरचा व्यापारी अफानासी निकितीन 1470 च्या आसपास बहामनींच्या बीदरात येऊन राहिला होता. त्याच्यावर 1957 साली 'परदेसी' नावाचा सिनेमाही निघाला, नर्गिसचा. निकितीनच्या टिपणांचं इंग्रजी भाषांतर छापून मी मास्तरांना नेऊन दिलं. त्यांनी ते दोन रात्रींत संपवलं आणि तिसऱ्या दिवशी सकाळी सकाळी मला घरी बोलावून घेतलं.

"घोडा!" ते म्हणाले. "तो घोडा घेऊन येतो. जुन्नरला खान घोडा हिसकावतो, धर्म बदल म्हणतो. घोडा परत मिळतो. घोडा म्हणजे त्याचा आत्मा! आणि बीदरात येऊन त्यानं आत्म्याचा त्याग केला."

"त्याग नव्हे मास्तर, विकला. आणायला शंभर रूबल पडले, वर्षभर चारा घातला, वर 68 फुटून, म्हणजे तेव्हाची नाणी, खर्च आला. सगळं लिहून ठेवलंय त्यानं."

"लिहून ठेवलंय?"

"पानावर आहे."

मास्तरांना असं निरुत्तर झालेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. मास्तरांच्या बायको, आमच्या काकू, चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "ह्यांना घोडा दाखवला तर घोडा दिसतच न्हाई बघ."

खरी अडचण अशी की निकितीन प्रतीकांच्या हाती लागत नाही. तो आळंदच्या जत्रेचं वर्णन करतो ते विक्रीला येणाऱ्या घोड्यांच्या आकड्यासकट, 20,000. तिथल्या एका पक्ष्याबद्दलही लिहितो: रात्री 'गुक गुक' करतो, ज्याच्या घरावर बसेल त्याच्या घरी माणूस मरतो, मारायला गेलं तर चोचीतून आग निघते. इथं मास्तरांचे डोळे चमकले. "मृत्यूचं प्रतीक!" काकू म्हणाल्या, "घुबड हाय ते. बाभळीवर रोज बसतंय." ज्या मलिक-उत्-तुज्जाराचा उल्लेख निकितीननं केलाय तो महमूद गवान, तोही परदेशातून व्यापाराला आलेला. तो वजीर झाला, त्यानं 1472 मध्ये मदरसा बांधला आणि 1481 मध्ये सुलतानाच्या हुकमानं त्याचं डोकं उडवलं गेलं. निकितीनला मात्र खजिना मिळालाच नाही. आपल्या देशात नेण्याजोगा माल इथं नाही, लोकांनी आपल्याला फसवलं, अशी त्याची तक्रार आहे. मिरी आणि रंग तेवढे स्वस्त. परतताना त्वेर गाठण्याआधीच, स्मोलेन्स्कच्या अलीकडं तो वारला.

"परतीचा टप्पा अपुरा," मास्तर म्हणाले. "मार्क कापावे लागतील."

तर मागच्या वर्षी काकूंनीच बीदरच्या झरणी नरसिंहाला जायचं काढलं. काकूंचं हल्ली असंच आहे. 11 जून 2023 पासून कर्नाटकात बायकांना बस फुकट झाली, आणि तेव्हापासून आधार कार्ड दाखवून शून्य रुपयाच्या तिकिटावर त्या गाणगापूर, माणिकनगर, कलबुर्गीचा शरणबसवेश्वर, सगळं करून आल्या. योजनेचं नाव 'शक्ती'. मास्तरांच्या लेखी हे नायकाला मिळणारं अलौकिक साहाय्य. फक्त ते नायकाच्या बायकोला कसं मिळालं, ह्याचं उत्तर कॅम्बेलमध्ये नाही.

झरणी नरसिंह म्हणजे डोंगरातलं लांब भुयार. कमरेपासून छातीपर्यंत पाणी, वर वटवाघळं, आणि शेवटी देव. नरसिंहानं मारलेला राक्षस पाणी होऊन त्याच्या पायाशी वाहतोय, अशी कथा. मास्तर तोंडाशी उभं राहून थरथरत होते. "देवमाशाचं पोट! जन्मभर शिकवलं, आज समोर आहे!"

"चला की मग," काकूंनी पदर खोचला.

"कुणीतरी उंबरठ्यावर राहायला पाहिजे," मास्तर म्हणाले, आणि आमचे मोबाईल, पिशवी आणि चपलांचे तीन जोड घेऊन तिथल्याच कट्ट्यावर बसले.

आम्ही आत गेलो. काकू पुढं, मी मागं. डोक्यावर वटवाघूळ फडफडलं तेव्हा मी ओरडलो, काकू नाहीत. दर्शन घेऊन ओलेचिंब बाहेर आलो तर मास्तर एका भाविकाला पुनर्जन्माचा टप्पा समजावून देत होते, आणि चपलांचे अडीच जोड उरले होते.

"कुत्रं घेऊन गेलं," ते शांतपणे म्हणाले. "पाताळाच्या दारात कुत्रं असतंच. ग्रीकांत आहे, आपल्या यमाकडं तर दोन आहेत. त्याला काहीतरी द्यावंच लागतं."

"पण माझीच का?"

"आत तू गेला होतास. नायक तू."

"आन् मी?" काकूंनी केस पिळत विचारलं. मास्तरांनी पिशवी उचलली आणि बस सुटेल म्हणाले.

बीदरच्या बाजारात नवी जोडी 220 रुपयांना पडली. ते मी लिहून ठेवलंय.