माइक, चादरी आणि जवारी

रेडिंग, इंग्लंड

ती. अण्णा,


ओम नक्की शिकतोय तरी काय, असं तुम्ही फोनवर विचारलंत. इकडे अकरावी-बारावीला सिक्स्थ फॉर्म म्हणतात आणि बहुतेक मुलं तीनच विषय घेतात. आपल्या चिरंजीवांनी गणित, फिजिक्स आणि म्युझिक टेक्नॉलॉजी घेतलंय. पहिली दोन नावं ऐकून ह्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला, तिसरं ऐकून परत आत घेतला.

पण हा टाइमपास नाही हो. एडेक्सेल मंडळाची रीतसर परीक्षा आहे. रेकॉर्डिंगला २० टक्के, कॉम्प्युटरवर रचना करण्याला २०, ऐकून ओळखण्याच्या पेपरला २५ आणि निर्मितीच्या पेपरला ३५. गाता येतं का, हे कोणी विचारत नाही. गाणाऱ्याला माइकपासून किती लांब उभं करायचं, ते विचारतात.

घराची दशा सांगते. आईने दिलेल्या सोलापुरी चादरी आता कपाटात नाहीत. आवाज घुमू नये म्हणून ओमच्या खोलीत दोऱ्या बांधून चारी बाजूंनी टांगल्यात. मधोमध कंडेन्सर माइक. त्याला ४८ व्होल्टचा वेगळा खुराक लागतो, आणि एकदा तो मिळाला की शेजाऱ्यांची शिंकसुद्धा सुटत नाही. त्यामुळे हल्ली मला फोडणी घालायचीही परवानगी काढावी लागते.

तुम्ही चिडाल असा प्रकार म्हणजे क्वांटाइझ. ठोका मागेपुढे पडला की बटण दाबायचं, सगळे ठोके मात्रेवर हजर! म्हटलं, मग अण्णांनी जन्मभर तबल्यावर बोटं झिजवली ती उगाच? तर म्हणतो, "आई, सगळंच सरळ केलं तर गाण्यातला जीव जातो. आमचे सरही ओरडतात." म्हणजे तुमचंच म्हणणं, फक्त फी भरून ऐकायचं.

इतिहासही आहे अभ्यासाला. बीटल्समधल्या लेननला तीच ओळ दोनदा गायचा कंटाळा. म्हणून १९६६ साली ॲबी रोड स्टुडिओतल्या केन टाउनसेंड यांनी टेपयंत्रं जोडून एका आवाजाचे दोन केले. कंटाळ्यातून शोध लागतात हे कळल्यापासून आमच्याकडे खोली आवरणं बंद आहे.

परवा मात्र त्याने तंबोऱ्याचा आवाज स्क्रीनवर लावून दाखवला. छेडलेली तार एकच, पण खालच्या स्वरावर बारीक बारीक रेघांची ही उतरंड! "ही सगळी हार्मोनिक्स. जवारी चांगली असेल तर वरच्या रेघा अशा उजळतात." सतारमेकर गल्लीत तुम्ही घोडीवरचा दोरा केसभर सरकवून आवाज खुलवून दाखवायचात, ते मला पहिल्यांदा डोळ्यांनी दिसलं.

तर आता काम असं. त्याला एका रचनेत तुमचा तंबोरा हवाय. चारही तारा वेगवेगळ्या छेडा आणि प्रत्येक तार पूर्ण विरेपर्यंत थांबा. एमपी३ चालणार नाही, वेव्ह फाइल पाठवा. शेजारच्या कोणा मुलाला फोनची सेटिंग करायला सांगा. पंखा बंद ठेवा, आणि दूधवाला यायच्या आत उरकून घ्या.

तुमची,
सुधा