गळका हेडफोन

त्या दिवशी नारळ काढायला गडी माडावर चढला होता आणि मी बरोबर त्याच माडाखाली खुर्ची टाकून बसलो होतो. गडी वरून ओरडला. आई पडवीतून ओरडली. शेजारच्या वहिनी गडग्यापलीकडून ओरडल्या. यातलं मला काहीही ऐकू आलं नाही, कारण माझ्या कानांवर भाच्याने पुण्याहून पाठवलेला, स्टुडिओत वापरतात तसला, उशांसारख्या गाद्यांचा हेडफोन होता. पहिला नारळ माझ्यापासून वीतभर अंतरावर पडला. तोसुद्धा ऐकू आला नाही. दिसला.

"मेल्या, बहिरा झालास काय?" आई.

"गाणं ऐकत होतो गं."

"म्हणजे ऐकू येत होतं?"

"हो."

"मग हाका का नाही ऐकू आल्या?"

त्र्याऐंशी वर्षांच्या बाईला याचं उत्तर देता येत नाही. अठ्ठावन्न वर्षांच्या मुलाला तर नाहीच. तिने हेडफोन माझ्या डोक्यावरून उतरवला, हातात तोलून पाहिला आणि म्हणाली, "एवढं ओझं डोक्यावर घ्यायचंच होतं, तर नारळ पडला तर डोकं वाचेल असं काही तरी घ्यायचं."

खरं म्हणजे त्या हेडफोनचा दोष नव्हता. तो मुंबईत शोभला असता. चौतीस वर्षं मी लोकलने प्रवास केला. तिथे कान बंद करून मिळणं ही चैन होती. इथे अंजनवेलीत कान बंद करून बसणाऱ्या माणसाचं दिवसाला किती नुकसान होतं, याचा मी नंतर हिशेब मांडला. मासेवाली हाक देऊन पुढे जाते आणि परत वळत नाही. कौलांवर वांदरं उतरतात. कुकरच्या तीन शिट्ट्यांच्या पाच होतात. पोस्टमन रजिस्टर पत्र परत घेऊन जातो. आणि आई हाका मारत असते, ती वेगळीच.

तेव्हा मला हवा होता तो साधा, स्वस्त, वायरवाला आणि मुख्य म्हणजे बाहेरचं ऐकू येणारा हेडफोन. भाच्याला हे फोनवर सांगितलं. तो क्षणभर गप्प झाला. "मामा, लोक बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून पैसे मोजतात."

"आम्ही दर मे महिन्यात घर शाकारतो ते पाणी आत येऊ नये म्हणूनच. पण हेडफोन मला गळका हवाय."

"वायरलेस बघ ना. त्यात एक बटण दाबलं की बाहेरचं ऐकू येतं."

म्हणजे आधी दरवाजा लावण्याचे पैसे, मग उघडण्याचे पैसे, आणि रोज रात्री त्या दरवाजाला चार्जिंग. नको म्हटलं.

शृंगारतळीच्या बाजारात गेलो. आमच्या तालुक्यात खरेदी म्हणजे शृंगारतळी. गुहागरला जायचं ते देवाला आणि कचेरीत. दुकानातल्या पोराने न विचारता तीन डबे काउंटरवर टाकले. "काका, बेस एकदम कडक." दुसऱ्याचा बेस "फुल" होता आणि तिसऱ्याचा "डीजेसारखा". बेस कमी असलेला आहे का, असं विचारल्यावर त्याने माझ्याकडे आजारी माणसाकडे बघतात तसं बघितलं. लावून बघू का, तर "सील फोडता येत नाही काका." म्हणजे आंबा पिळून बघायचा नाही, कापून बघायचा नाही, पेटीवर छापलेलं वाचायचं आणि हापूस म्हणून घरी न्यायचा. पेटीवर काय छापलंय यावर हापूस ठरत नाही, हे रत्नागिरी जिल्ह्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

तरी चष्मा लावून डबे वाचले. सगळ्यांवर '२० ते २०,००० हर्ट्झ' होतं. ऐन तारुण्यात माणसाचा कान साधारण तेवढं ऐकतो. वय वाढत गेलं की वरचे मजले एकेक करून बंद होतात. बारा-चौदा हजारांच्या पुढचं माझ्या कानाला आता बहुधा पोचतच नाही. तो माल माझ्या काय कामाचा? आमच्या माळ्यावरच्या वटवाघळांना म्हणाल, तर त्यांचं बहुतेक बोलणं चालतं त्या वीस हजारांच्याही वर. थोडक्यात, तो आकडा घरात कोणाच्याच उपयोगाचा नव्हता.

दुसरा आकडा ओहमचा. हा मात्र कामाचा निघाला. भाच्याचा हेडफोन अडीचशे ओहमचा होता. त्याला फोनचा जीव पुरत नाही, म्हणून मी आवाज शेवटपर्यंत चढवूनही गाणं दाभोळला चाललंय आणि आपण खाडीच्या या काठावर उभे आहोत असं वाटायचं. फोनवर ऐकायला सोळा किंवा बत्तीस ओहमचा पुरे. तिसरा आकडा डेसिबलचा: एक मिलिवॅट वीज दिली तर आवाज किती येईल. शंभरच्या आसपास असला की झालं. एक मिलिवॅट म्हणजे वॅटचा हजारावा भाग, आणि तेवढ्यात शंभर डेसिबल. आईच्या हाकेला भारी पडेल एवढा आवाज.

हे वाचून माझं डोकं भलतीकडेच गेलं. आमच्या गावाच्या हद्दीत जो वीज प्रकल्प आहे त्याची क्षमता १९६७ मेगावॅट. मूळची एन्रॉन कंपनी २००१ मध्ये दिवाळखोरीत गेली, २००५ पासून प्रकल्पाचं नावही वेगळं आहे, पण आमच्याकडे अजून "एन्रॉनात कामाला" असंच म्हणतात. तर दर हेडफोनला एक मिलिवॅट धरला तर अंजनवेलीच्या विजेवर जवळजवळ दोन लाख कोटी हेडफोन एकाच वेळी वाजतील. मी हिशेब दोनदा केला, दुकानदाराच्याच कॅल्क्युलेटरवर केला, त्यात आकडे बसले नाहीत म्हणून मग कागदावर केला. "काका, घेताय ना?" पोराने विचारलं. घेतला. तीनशे एकोणपन्नास रुपये. कानात बोंडं घालायचा.

ती चूक झाली. रबरी बोंडं कानात बुचासारखी बसली. बाहेरचं बंद झालंच, वर आतलं सुरू झालं. टाळकेश्वराच्या दीपगृहाकडे चालत निघालो तर प्रत्येक पावलाला डोक्यात मुसळाचा घाव. वायर सदऱ्याच्या बटणाला घासली की खरखर. वाटेत चणे खाल्ले, तर मालकंस खडी फोडायच्या यंत्रात घातल्यासारखा वाटला. आपण खाताना एवढा आवाज करतो हे मला लग्नाला तीस वर्षं होऊनही कोणी सांगितलं नव्हतं. बायकोला विचारलं तर म्हणाली, "सांगितलं होतं. तुम्ही चणे खात होतात."

त्या बोंडांचा एकच फायदा झाला: एक आईला, एक मला. वायर दोघांच्या मध्ये ताणून आम्ही झोपाळ्यावर बसायचो. गीतरामायण असलं की काही अडचण नव्हती. १९५५ च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवरून ते सुरू झालं तेव्हा रेडिओला एकच कान पुरायचा. गदिमांचे शब्द आणि बाबूजींची चाल अर्धी-अर्धी वाटली गेलेली नव्हती. पुढे सगळंच स्टीरिओ झालं. एका संध्याकाळी मी सतार-सनईची जुगलबंदी लावली. बराच वेळ आई ऐकत होती. मग म्हणाली, "लग्न कोणाचं आहे?" तिच्या कानात नुसती सनई होती. माझ्याकडे सतार होती आणि मला कळत नव्हतं की हा एवढा मोठा सतारिया दर दोन मिनिटांनी पाणी प्यायला का थांबतो. फोनच्या सेटिंगमध्ये दोन्ही बाजू एकत्र करायची सोय असते, हे भाच्याने नंतर सांगितलं. भाचे सगळं नंतरच सांगतात.

गाणं एकट्याने ऐकणं हा उर्मटपणा आहे, असं आईचं मत. यावर मी तिला सांगितलं की सोनी कंपनीच्या अकिओ मोरितांनाही नेमकं हेच वाटलं होतं. वॉकमन बाजारात आला १ जुलै १९७९ ला. त्याआधी मोरितांनी तो घरी वापरून पाहिला तर बायकोच नाराज झाली. म्हणून त्या पहिल्या वॉकमनला हेडफोनची दोन भोकं ठेवली, आणि एक नारिंगी बटण. ते दाबलं की गाणं हळू व्हायचं आणि समोरच्याचं बोलणं माइकमधून कानात यायचं. म्हणजे गळतीची सोय कंपनीनेच करून दिली होती! पुढच्या मॉडेलांतून ते बटण गेलं. लोकांना बोलायचंच नव्हतं.

"शहाणा होता हो," आई म्हणाली. "त्याची आई होती का तेव्हा?"

आमच्या गावात मी पहिला वॉकमन पाहिला तो आखातातून सुट्टीवर आलेल्या एका शेजाऱ्याकडे. दहावीत असेन. बारीक पट्टी आणि कानांवर लिमलेटच्या गोळीच्या रंगाचे स्पंज. तो मोठ्या मनाचा माणूस, सगळ्या वाडीला अर्धं-अर्धं मिनिट ऐकवायचा. मला आठवतं ते गाणं नाही; स्पंज कानाला लागल्याचं आठवतं, आणि त्या स्पंजमधून रांगेतली मागची पोरं "झालं, झालं, उतर" म्हणत होती ते स्वच्छ ऐकू येत होतं, ते आठवतं.

मला हवा होता तो हाच हेडफोन. बारीक पट्टी, स्पंज, कानावर नुसता टेकणारा. अजून मिळतो. फॅशनवाले घेत नाहीत म्हणून स्वस्त मिळतो. चष्म्याच्या काड्यांवर दाबत नाही, वजनाला पापडाएवढा, आणि गळतो असा की गाणं चालू असताना मला आईची हाकच काय, पोटमाळ्यावरची पालसुद्धा ऐकू येते. चिपळूणला पाचशे रुपयांच्या आत मिळाला. घरी आणला तेव्हा लक्षात आलं, की मधल्या काळात मुलाने मला नवीन फोन दिलाय आणि त्याला गोल पिनेचं भोकच नाही.

मग कन्व्हर्टर. पहिला शंभर रुपयांचा, मुका. त्याच्या पोटात नुसती वायर होती आणि माझ्या फोनला लागत होती चिप. आकड्यांचा सूर करण्याचं काम पूर्वी फोन करायचा, ते आता त्या बोटभर शेपटीने करायचं. दुसरा चिपवाला आणला, तो वाजला. स्वस्त हेडफोनचं हे असं आहे, म्हशीपेक्षा दावं महाग. म्हणून सांगतो, घ्यायला जाताना आधी फोन उलटा करून भोक बघा.

श्रावणात एक बाजू मुकी झाली. खाऱ्या वाऱ्यात आमच्याकडे बिजागऱ्या टिकत नाहीत, तिथे पिनेची काय कथा. नीट पाहिलं तर पिनेच्या कड्यांमध्ये हिरवट थर. मी टीव्ही दुरुस्तीवाल्याकडे न्यायच्या गोष्टी करत होतो. तो एकदा म्हणाला होता, या वायरींच्या तारा केसाएवढ्या, त्यांच्यावरचा रंग जाळल्याशिवाय डाग धरत नाही. आईने पिन हातात घेतली. "कळकलंय," म्हणाली. आणि आत गेली. दहा मिनिटांनी आली तेव्हा पिन समईसारखी लखलखत होती. आमसूल आणि चुलीतली राख. मग कोरड्या फडक्याने पुसून, वर उन्हात ठेवून. जगातल्या कुठल्याही हेडफोनच्या माहितीपत्रकात ही कृती नसेल. मी पिन घातली. दोन्ही बाजू वाजल्या.

तेव्हापासून त्या हेडफोनवर तिचा हक्क झाला.

परवा पाऊस लागला होता. कुठे तरी पोलावर झाड पडलं असणार, लाइट गेलेली. हे दोन लाख कोटी हेडफोनांचं गाव अंधारात बसलं होतं. बायको माहेरी, भात मी लावलेला. फोनची बॅटरी अठरा टक्के. आई झोपाळ्यावर, डोक्याला पांढऱ्या केसांवरून ती बारीक काळी पट्टी, डोळे मिटलेले. हेडफोन गळत होता; ओटीवर बसूनही मला कळत होतं की गीतरामायण चाललंय.

"आई, पाणी हवंय का?"

काही नाही.

"आई, औषध घेतलंस?"

काही नाही. मांडीवर बोटांनी ताल. मी कंदील पुढे सरकवला, जवळ गेलो, आणि जरा जोरातच म्हटलं, "आई! किती हाका मारू?"

तिने डोळे न उघडता हात वर केला, थांब म्हणून. मग हेडफोन लावलेली माणसं बोलतात त्या आवाजात, गडग्यापलीकडच्या वहिनींनाही ऐकू जाईल असं ओरडली, "अरे, भात लागला! वास येतोय, तुला कळत नाही काय?"