अर्थिंगवाले नाना

ट्रकचं बॉनेट उघडून बघा, पाच मिनिटांत नाना हजर. गाडी आपली, मिस्त्री आपला, बिल आपलं. पण आत पहिली मान घालणार नाना. तुमच्याही गावात असा एक असणारच. आमचा नगर-मनमाड रस्त्याला, राहुरीच्या अलीकडे राहतो, एवढाच फरक. साखर कारखान्याच्या गॅरेजातून रिटायर झाले त्याला बारा वर्षं झाली, तरी शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी टेस्टर. आत डोकावतात, 'हं' म्हणतात आणि निदान सांगून मोकळे होतात, "अर्थिंग बघा."

निदान कायम हेच. हॉर्न वाजत नाही, अर्थिंग. डिझेल गळतंय, तरी "ते गळू द्या, आधी अर्थिंग बघा." शेजारच्या पोराची सोयरीक मोडली तेव्हा म्हणाले, "छत्तीस गुण जुळवून काय करता? अर्थिंगच नव्हतं." एकदा पाव्हण्यांबरोबर त्यांना नगरला रणगाड्यांचं संग्रहालय दाखवायला नेलं. 1994 पासून तिथं देशोदेशीचे रणगाडे मांडून ठेवलेत. सगळे तोफेच्या नळीखाली उभे राहून फोटो काढत होते आणि नाना उकिडवे बसून रणगाड्याचं पोट बघत होते. उठले, गुडघे झटकले, म्हणाले, "नशीबवान गडी. अख्खा जीव लोखंडाचा. अर्थिंगची ददात नाही."

सहकारावर बोलायला लागले तर जेवण विसरा. महाराष्ट्रातला पहिला सहकारी साखर कारखाना आपल्या जिल्ह्यात, प्रवरेला निघाला, विठ्ठलराव विख्यांनी अर्थतज्ज्ञ गाडगिळांना बरोबर घेऊन उभा केला, हे ते असं सांगतात जणू पहिला मोळी टाकणारा गडी हेच. मग पुढं बाकीचे इतके कारखाने आजारी का पडले? "वरची माणसं जमिनीला टेकली नाहीत. अर्थिंग!" हे ऐकून मी पहिल्यांदा गप्प झालो.

तर आमचा ट्रक. जुना टाटा, चोवीस व्होल्टचा, दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये. कांदा भरून निघालो की हेडलाइटचे बल्ब उडायचे, बॅटरीचं पाणी आटायचं आणि केबिनमध्ये सडक्या अंड्यासारखा वास. मिस्त्रीनं मीटर लावला. 28 च्या आसपास दाखवायला हवं, दाखवत होता 31. "कटआऊट गेला," मिस्त्री म्हणाला.

कटआऊट म्हणजे व्होल्टेज रेग्युलेटर. नाव का कटआऊट, हे नानांनी न विचारता सांगितलं. डायनाम्याच्या काळात इंजिन बंद झालं की बॅटरीचा करंट उलटा डायनाम्यात शिरायचा, तो तोडायची सोय त्या डबीत असायची. अल्टरनेटरला डायोड आले, तोडायचं काम संपलं, नाव राहिलं. माजी सरपंचासारखं.

नवा कटआऊट बसवला. मीटर 31. तो परत करून दुसरा आणला. 31. नाना मागून "अर्थिंग" म्हणाले. मिस्त्रीनं पान्हा आपटला, मी म्हणालो, "नाना, चहा घ्या, पण बोलू नका." ते चहा न घेता गेले. मग म्हाताऱ्याचं मन राखायचं म्हणून मिस्त्रीनं कटआऊट काढला आणि त्याखालचा पत्रा बघितला. दसऱ्याला आम्ही हौसेनं गाडी रंगवली होती. पेंटरनं बोल्टाच्या जागीही दोन हात मारलेले! कटआऊटचं बूड टेकलं होतं रंगावर, पत्र्याला नाही. त्याला बॅटरीचे व्होल्ट कमीच भासायचे, म्हणून बिचारा अल्टरनेटरला अजून दामटायचा. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवली, पॉलिश पेपरनं रुपयाएवढी जागा चकचकीत घासली, परत जोडलं. 28.2.

संध्याकाळी पेढे घेऊन नानांकडं गेलो. मनात अजून थोडी खुन्नस होतीच. चैत्र असून काकू शाल पांघरून बसलेल्या. वर पंखा सुसाट.

"कमी करा की जरा."

"होतोय कुठं? त्याचा रेग्युलेटर दोन वर्षं झाली बिघडलाय. पाचवरच फिरतो, नाहीतर बंद. सांगून सांगून थकले मी."

मी नानांकडं बघितलं. अर्थिंग येणार म्हणून वाट बघत बसलो. नाना पेढ्याच्या बॉक्सचा दोरा बोटाला गुंडाळत होते.

"पोरं पुण्याला," काकू म्हणाल्या, "घरात यांना कोण विचारतं, आणि हे कुणाला सांगणार? परक्याच्या गाडीपाशी नुसतं उभं राहिलं तरी बरं वाटतं त्यांना."

निघालो तर नाना फाटकापर्यंत आले. "मग, आता गाडी ओके?"

एकदम ओके होती. इतकी ओके, की सहा महिने बॉनेट उघडायची गरज नव्हती.

"हॉर्न जरा घोगरा येतोय," मी म्हणालो.

नानांच्या पायात चपला आधीच होत्या.