सिबिलरावांना अनावृत पत्र

श्रीमान सिबिलराव यांस,



आपण एक नसून चौघे आहात, हे ठाऊक आहे. ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्सपिरियन आणि सीआरआयएफ हाय मार्क अशा चार कंपन्यांना पतमाहिती गोळा करण्याचा परवाना आहे. पण कोणत्याही वनस्पती तुपाला जसे डालडा म्हणायचे, तसे चौघांपैकी कोणाचाही अहवाल हाती आला तरी लोक ‘सिबिल खराब झालं’ असेच म्हणतात. तेव्हा पत्र चौघांनी वाटून वाचावे. आपल्या ३०० ते ९०० मधल्या आकड्यावर आता घरकर्जाचा व्याजदर ठरतो. पीककर्जाला सिबिलची अट लावू नका, असे बँकांना सांगण्याची पाळी राज्य सरकारवर येते. २०२५ मध्ये तर मूर्तिजापूरला मुलाचे सिबिल पाहून जुळत आलेले लग्न मोडल्याची बातमी आली. पत्रिकेतल्या छत्तीस गुणांना इतका मान हल्ली क्वचितच मिळतो. मानाबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती चुकीची नोंद दुरुस्त करण्याच्या आपल्या रिवाजाबद्दल.

आमची कुंडली आपण स्वतः लिहीत नाही. बँका आणि वित्तसंस्था लिहून पाठवतात, आपण फक्त सांभाळता. या लिहिण्यात चुका कशा होतात, हे आपल्यालाच चांगले ठाऊक. कर्ज फिटले, बँकेने ना हरकत दाखलाही दिला, पण खाते बंद झाल्याचे आपल्याला कळवलेच नाही. पाटील, जाधव, शिंदे ही आडनावे गावागणिक; त्यात नाव आणि जन्मतारीख जुळली की एकाचा थकलेला हप्ता दुसऱ्याच्या पदरात पडतो. लग्नानंतर बाईचे आडनाव बदलले की तिचा जुना इतिहास एकीकडे आणि नवा दुसरीकडे. चुका माणसांकडून होतात, हे मान्य. पण २००५ च्या पतमाहिती कंपनी कायद्यातली दुरुस्तीची अट पाहावी. संबंधित बँकेने ‘दुरुस्ती बरोबर आहे’ असे प्रमाणित केल्याशिवाय आपल्याला एक अक्षरही बदलता येत नाही. म्हणजे तक्रार जिच्याविरुद्ध, सहीही तिचीच. बँकेची नोंद आपण पुरावा न मागता उतरवून घेता. ती चूक आहे हे सांगायला आम्ही मात्र दाखले, पावत्या आणि खातेउतारे गोळा करत हिंडायचे.

आपण म्हणाल, रिझर्व्ह बँकेने यावर तोडगा काढला आहे. काढला आहे, आणि तो चांगलाही आहे. तक्रार ३० दिवसांत मिटली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, हा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. बँकेने २१ दिवसांत आपल्याला सुधारित माहिती दिली नाही, तर भुर्दंड बँकेला. तिने वेळेत देऊनही आपण रखडलात, तर आपल्याला. चुकीची किंमत चूक करणाऱ्याने मोजावी, हे तत्त्व त्यात आले. पण घड्याळ सुरू होते आमच्या तक्रारीपासून. नोंद दोन वर्षे चुकीची असेल आणि त्या काळात कर्ज नाकारले गेले असेल, तर त्या दोन वर्षांचा हिशेब शून्य. शिवाय २०२५ पासून बँकांनी आपल्याला किमान दर पंधरवड्याला माहिती पाठवायची आहे. चूक पंधरा दिवसांत पोहोचू शकते, दुरुस्तीला मात्र तीस दिवसांची सवड.

‘मग अहवाल वेळच्या वेळी तपासा ना!’ हा आपला आवडता सल्ला रास्तच आहे. चौघांकडूनही वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. तीन-तीन महिन्यांनी एकेकाकडे मागितला तर वर्षभर पाळत राहते. स्वतःचा अहवाल पाहिल्याने गुणांक घसरतो ही भीतीही खोटी. कर्जासाठी अर्ज केल्यावर बँक जी चौकशी करते, तिचीच नोंद गुणांकाला लागते. पण हा सल्ला जो देतो, तोच अहवाल बँकांना विकतो आणि आम्हालाही वर्षभराची वर्गणी भरायला सुचवतो. जी माहिती कोणी मागितली की आपण चटकन पुरवता, तिची एक प्रत वर्षातून एकदा न मागता आमच्याकडे का येऊ नये? अहवाल कोणी पाहिला की एसएमएस किंवा ईमेल धाडण्याची सोय आपल्याकडे आता आहेच.

एक आक्षेप मात्र वजनदार आहे. कर्जदाराच्या शब्दावर नोंदी बदलू लागल्या, तर बुडवे सगळ्यात आधी धुऊन निघतील आणि त्यांचे व्याज प्रामाणिकांच्या माथी बसेल. खरे आहे, म्हणून आमच्या शब्दावर नोंद पुसा असे कोणी म्हणत नाही. मागणी एवढीच की तक्रारीचा निकाल लागेपर्यंत ती नोंद दिसू द्यावी, पण गुणांकाच्या बेरजेत धरू नये. कर्जाच्या तोंडावर कोणी मुद्दाम तक्रारी ठोकत बसेल ही शंका असेल, तर एका नोंदीसाठी ही सवलत एकदाच द्यावी. आणि तक्रार खरी ठरली, तर रोजचे १०० रुपये चूक नोंदीत आली त्या तारखेपासून मोजावेत. बँका नोंदी पाठवण्याआधी दोनदा वाचतील की नाही, ते मग दिसेल.

‘चूक बँकेची, आम्ही केवळ टपालवाले’ हा बचाव कृपया करू नये. जून २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने आपणा चौघांनाही दंड केला, प्रत्येकी साधारण २४ ते २६ लाखांचा. त्यामागे माहितीच्या अचूकतेचे आणि वेळेत दुरुस्तीचे प्रश्न होते. टपालवाल्याला पत्रातल्या मजकुरासाठी दंड झाल्याचे ऐकिवात नाही. सप्टेंबर २०२२ पासून आपण रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाच्या कक्षेतही आला आहात. तीस दिवसांत दाद लागली नाही की पुढचे पत्र त्या पत्त्यावर जाईल.

कळावे.

आपल्या अहवालातील एक खातेदार