ग्रॅमवाले मास्तर

पेडणे तालुक्यात प्रत्येक गावाला एक तरी निवृत्त मास्तर असतो आणि त्याला एक तरी खूळ असतं. कुणाला नाटकाचं, कुणाला कोर्टकचेरीचं. आमच्या वाड्यावरच्या मास्तरांना शिजलेली भाजी जोखण्याचं आहे.

सुरुवात साखरेपासून झाली, म्हणजे रक्तातल्या. डॉक्टर म्हणाले, "दोन्ही वेळा वाटीभर भाजी खा." दुसरा कुणीही घरी येऊन जेवायला बसला असता. मास्तरांनी विचारलं, "कुठली वाटी?" डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

ज्यांच्या बापजाद्यांनी भात कुडवाने मापलं आणि 20 कुडव भरले की 'खंडी' म्हणून हात झटकले, त्यांच्या घरात हा प्रश्न! पण मास्तर पडले गणिताचे. इलेक्ट्रॉनिक काटा आणला, रिकामी वाटी ठेवून शून्य केलं, मग वाटी काठोकाठ पाण्याने भरली. 150 ग्रॅम. पाणी मिलिलिटरला एक ग्रॅम, तेव्हा वाटी 150 मिलिलिटरची. इथवर सगळं सरळ होतं. मग वाटीत तांबडी भाजी आली.

अमेरिकन सरकारच्या तक्त्यात कपभर उकडून निथळलेली तांबडी भाजी 132 ग्रॅम भरते, कच्ची पानं जेमतेम 28. कप 240 मिलिलिटरचा धरून, त्रैराशिक मांडून मास्तरांनी वाटीला साडेब्याऐंशी ग्रॅम काढले. काटा भलतंच बोलला. बोलणारच! त्या अमेरिकन भाजीत ना कांदा, ना मूठभर खोबरं. त्यात वहिनी डावाने दाबून वाढणाऱ्या. "हलक्या हाताने वाढ," म्हटल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "तुमी जेवतले काय जोखतले?"

पुढे कुणीतरी त्यांना हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची आहार-पाहणीची रीत सांगितली आणि चुलीची शांती गेली. कच्चा जिन्नस आधी जोखायचा, शिजलेली सगळी भाजी मापात घालून बघायची, आपल्या पानात तिचा कितवा हिस्सा आला ते काढायचं आणि त्यावरून पोटात किती कच्चे ग्रॅम गेले ते शोधायचं. रीत चोख आहे. फक्त पाहणीवाले एवढं करून पुढच्या घरी जातात. मास्तर कुठे जाणार?

चतुर्थीला खतखतं झालं. सुरण, नीरफणस इथवर ठीक. पण शेवग्याची शेंग चोखून टाकायची, कणसाचा बुरकुंडा उरायचा, तिरफळ तर बाजूलाच काढायचं. म्हणून मास्तरांनी जेवणानंतर पानांतलं उष्टं जोखलं, पान घेऊन पान. जावयाला शेंग चोखता येत नाही, हे त्या दिवशी ग्रॅममध्ये सिद्ध झालं. लेक दोन दिवस आधीच सासरी परतली.

डिचोलीच्या बुधवारच्या बाजारात भाजी वाट्याने मिळते. मास्तरांनी पिशवीतून काटा काढला. भाजीवालीने काट्याकडे पाहिलं, मास्तरांकडे पाहिलं आणि वाट्यावर आणखी दोन मिरच्या टाकल्या. त्या कुठल्या रकान्यात मांडायच्या, यावर परतीच्या बसमध्ये मला पूर्ण तिकिटाचं व्याख्यान मिळालं.

परवा त्यांनी वही डॉक्टरांपुढे ठेवली. डॉक्टरांनी पानं उलटली, चष्मा काढला.

"छान. रोज चालता ना?"

"वेळ कुठाय, डॉक्टर?" मास्तर काकुळतीला आले. "गरम भाजीची वाफ जाते, वजन उतरत राहतं. आकडा ठरेपर्यंत काट्यापाशी उभंच राहावं लागतं."